तक्त्यातला हिरवा टिक आणि राहुरीचं बोअरचं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे राहुरीला गेले होते. मामेभाऊ दहावीत आहे. त्याच्या खोलीत दोन फुटी काचेची टाकी, तळाला निळी खडी, आणि त्या खडीवर तरंगत सुटलेली मुळासकट उपटलेली रोपं. मासे तीन उरले होते. आणले होते नऊ. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "ताई, तक्त्यात तर सगळ्यांना हिरवा टिक होता गं."

हा लेख त्या तक्त्याबद्दल आहे. तुम्ही तो नक्की पाहिला असेल. माशांच्या दुकानात भिंतीवर लावलेला असतो, मोबाईलवरही फिरत असतो. वर माशांची नावं, बाजूला तीच नावं, आणि मधल्या चौकोनांत हिरवा, पिवळा, लाल. हिरवा म्हणजे एकत्र ठेवा, लाल म्हणजे ठेवू नका. भावाने सिक्लिडचा 'बिगिनर सेट' घेतला होता. दोन ऑस्कर, चार पॅरट, दोन एंजल, काच साफ करायला एक 'सकर', सोबत लाल-हिरव्या पाण्यातल्या रोपांची जुडी. दुकानदाराचं नाव इथे देणार नाही, कारण दोष एका दुकानाचा नाहीच. असा तक्ता आणि असा सेट कुठेही मिळतो.

आधी सिक्लिड म्हणजे कोण ते सांगते. भिगवणला, उजनीच्या काठावर चिलापी खाल्ली असेल तर तुम्ही सिक्लिड खाल्लेला आहे. चिलापी म्हणजे तिलापिया. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला, आणि १९५९ मध्ये त्याचा प्रसार थांबवायचं ठरेपर्यंत उशीर झाला होता. ऑस्कर, एंजल, फ्लॉवरहॉर्न, डिस्कस हे सगळे त्याच कुळातले. आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिका, व्हिक्टोरिया या तळ्यांत एकेका तळ्यात या कुळाच्या शेकडो जाती तयार झाल्या, म्हणून उत्क्रांती शिकणाऱ्यांचं हे लाडकं कुळ. हे मासे पिल्लं सांभाळतात, जागा राखतात, खड्डे खणतात आणि भांडतात. यातली प्रत्येक गोष्ट टाकीत रोपं लावणाऱ्याच्या मुळावर येते.

आता तक्त्याकडे. त्याची पहिली चूक म्हणजे तो जातीला स्वभाव चिकटवतो. 'ऑस्कर : आक्रमक', 'एंजल : शांत'. भांडण मात्र जात करत नाही, एक विशिष्ट मासा एका विशिष्ट जागेत करतो. तो किती मोठा आहे, नर की मादी, टाकीत आधी आला की नंतर, जोडी जमली आहे का, लपायला जागा आहे का, यावर सगळं ठरतं. तक्त्यात यातला एकही रकाना नाही.

'आधी कोण आला' हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्राण्यांच्या वर्तनशास्त्रात ही पक्की गोष्ट आहे. घरमालक पाहुण्याला बहुतेक वेळा हरवतो. म्हणून अनुभवी लोक नवा मासा सोडताना टाकीतले दगड हलवून ठेवतात. सगळेच नव्याने घर शोधायला लागतात.

आणि हे मासे आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच हुशार आहेत. २००७ साली 'नेचर'मध्ये ग्रोसेनिक, क्लेमेंट आणि फर्नाल्ड यांचा एक प्रयोग छापून आला. टांगानिकाच्या परिसरातल्या बर्टोनी नावाच्या सिक्लिडच्या नरांना त्यांनी काचेपलीकडच्या कुस्त्या दाखवल्या. 'अ' ने 'ब' ला हरवलं, 'ब' ने 'क' ला, 'क' ने 'ड' ला, 'ड' ने 'इ' ला. मग बघ्या माशाला 'ब' आणि 'ड' समोर ठेवले. या दोघांची कुस्ती त्याने पाहिलेलीच नव्हती. तरी तो 'ड' कडे, म्हणजे दुबळ्याकडे वळला. म्हणजे फक्त बघून त्याने मनात उतरंड लावली होती! अशा प्राण्याचे संबंध तीन रंगांच्या चौकोनात बसवायचे म्हणजे वाड्यातल्या भाऊबंदकीचा निकाल सातबारावरची नावं बघून लावण्यासारखं आहे.

दुसरी चूक जास्त महाग पडते. तक्त्यात टाकीचा आकारच नाही. भावाची टाकी २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. गणित करा, काठोकाठ भरली तर साधारण ७० लिटर. खडी घातली, वरून दोन बोटं रिकामी सोडली की साठ. दुकानात ऑस्कर अंगठ्याएवढा असतो. तोच पुढे फूटभर होतो, आणि त्याला सावकाश वर्षं लागत नाहीत. ऑस्कर आणि एंजल 'जमतात' असं म्हणताना तक्ता बहुधा दोन अंगठ्यांची गोष्ट करतो. फूटभर ऑस्करच्या तोंडात मावेल ते सगळं त्याचं जेवण असतं.

जागेबद्दल एक संशोधन मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या एका भाबड्या समजुतीला धक्का देतं. रोनाल्ड ओल्डफिल्ड यांनी २०११ मध्ये मिडास सिक्लिडच्या पिल्लांवर काम प्रसिद्ध केलं. लहान टाक्यांमध्ये जागा थोडी वाढवून किंवा माशांची संख्या बदलून त्यांनी पाहिलं. भांडणं कमी झाली नाहीत. खूप मोठ्या आणि आडोशाने भरलेल्या टाकीत मात्र झाली. म्हणजे दीड फुटाऐवजी दोन फूट घेतली की प्रश्न सुटला, असं नाही. काम छोटं आहे, एकाच जातीवर आहे, सगळ्या सिक्लिडना सरसकट लावू नये. पण 'थोडी मोठी टाकी घ्या' हा सल्ला देताना दुकानदार आणि आपण दोघंही आपलीच समजूत घालत असतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

पॅरटबद्दल राग आवरून लिहिते. तो संकर आहे. त्याचं तोंड नीट मिटत नाही, ते त्याचं व्यंग आहे आणि तेच 'क्यूट' म्हणून विकलं जातं. फ्लॉवरहॉर्नही संकरच, १९९० च्या दशकात मलेशियात तयार झालेला. डोक्यावरच्या टेंगळात म्हणे नशीब असतं. नगरमध्ये वास्तूसाठी फ्लॉवरहॉर्न पाळणारी चार घरं मला माहीत आहेत. चारही मासे एकेकटे, अरुंद टाकीत, काचेवर डोकं आपटत. यावर अधिक लिहीत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. मी पीएचडीसाठी भूजलातल्या क्षारांवर काम करते, त्यामुळे तक्त्यातली तिसरी चूक मला सगळ्यात आधी दिसली. पाणी! तक्ता छापणाऱ्याच्या लेखी पाणी म्हणजे पाणी.

आपला जिल्हा बसाल्टवर बसलेला आहे. खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट उतरतं. त्यावर प्रवरा-मुळेच्या कालव्यांखाली उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन क्षार वर आलेले. बोअरचं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, साबणाला फेस नाही, गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरीफटक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगला मानतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मामाच्या बोअरचं पाणी मी तपासलं, ते या दोन आकड्यांच्या मधे आहे. सामू, म्हणजे पीएच, ८ च्या वर. नगर शहरात मुळा धरणाचं नळाचं पाणी येतं, ते यापेक्षा बरंच मवाळ, पण त्यात क्लोरीन असतं.

ऑस्कर, एंजल, डिस्कस हे मूळचे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर वाढलेले ऑस्कर आणि एंजल कडक पाणी पुष्कळ सहन करतात. डिस्कसच्या बाबतीत मात्र नवख्याने हा विश्वास ठेवू नये.

मग लोक म्हणतात, नगरचं पाणी कडक ना, मग मलावीचे मासे घ्या, त्यांना कडकच लागतं. हा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि अर्धी चूक कुणी सांगत नाही. मलावी तळ्याचा सामू ७.७ ते ८.६ च्या दरम्यान असतो, हे आपल्याशी जुळतं. पण त्याचा कठीणपणा लिटरला १०० मिलीग्रॅमच्या आतबाहेरच आहे. टांगानिकाचा सामू ९ च्या आसपास, कठीणपणा २०० च्या जवळपास. म्हणजे ज्या तळ्यांची उदाहरणं आपण 'कडक पाणी' म्हणून देतो, त्यांच्यापेक्षा आपल्या कितीतरी बोअर जास्त कडक आहेत. फार्मवरचे मलावी मासे यात जगतात, मी पाहिलेत. पण बोअरच्या पाण्यात वर आणखी 'मलावी सॉल्ट'ची पुडी टाकायला सांगणाऱ्याने एकदा तरी पाणी तपासून बघावं.

त्यात मे महिना. चाळीस अंश तापमानात उघड्या टाकीतलं पाणी भराभर उडतं. आपण वरून बोअरचं भरतो. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. पुन्हा भरलं की पुन्हा नवे क्षार आत. चार महिने फक्त 'भरत' राहिलात तर टाकीत तेच होतं जे श्रीरामपूरकडच्या चिबड रानात झालं. म्हणून उडालेलं पाणी आरओच्या नाहीतर पावसाच्या पाण्याने भरून काढायचं, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं ते नेहमीच्या पाण्याने. ही दोन वेगळी कामं आहेत. मामीला हे एका वाक्यात कळलं, कारण मामाचं तीन एकर रान असंच गेलंय.

भावाचे सहा मासे मात्र भांडणाने मेलेच नव्हते, निदान सगळे नाहीत. टाकी आणली त्याच संध्याकाळी त्याने नऊही मासे सोडले होते. मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. जुन्या टाकीत एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ते नसतातच.

इथे पुन्हा आपलं पाणी आडवं येतं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसा त्रास न देणारा अमोनियम आणि दुसरा कल्ले जाळणारा मुक्त अमोनिया. २५ अंशाला सामू ७ असेल तर मुक्त अमोनियाचा वाटा अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो, ८.५ ला १५ टक्के. पाणी गरम झालं की आणखी वाढतो. म्हणजे त्याच टाकीत, तेवढेच मासे, तेवढंच खाद्य टाकून मऊ पाण्यातला माणूस निभावून जाईल, आणि राहुरीतल्या पोराचे मासे मरतील. तक्ता दोघांनाही एकच हिरवा टिक देतो.

मासे वर येऊन तोंड उघडायला लागले तेव्हा त्याने दुकानात फोन केला. उत्तर आलं, निळं औषध टाक. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर त्याचा उपयोग आहे, वेगळ्या भांड्यात. मुख्य टाकीत टाकलं तर उरलेसुरले उपयोगी जिवाणू आणि रोपं दोन्ही जातात. पोराने दोन झाकणं टाकलं होतं.

रोपांचं काय ते सांगते, कारण सेटमधली रोपं तर पहिल्या आठवड्यातच गेली. सिक्लिड खणतात, त्यामुळे खडीत रोवलेलं काहीही उपटलं जातं. शिवाय मलावीचे खडकावरचे मासे शेवाळ खरवडून खाणारे, त्यांना मऊ पान म्हणजे कोशिंबीर. पण याहून मोठी अडचण कार्बनची आहे. रोपांना कार्बन डायऑक्साइड लागतो. सामू ८ च्या वर गेला की मुक्त कार्बन डायऑक्साइड नावापुरता उरतो, जवळपास सगळा कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो. काही पाणवनस्पती बायकार्बोनेट वापरू शकतात, पुष्कळशा नाही वापरू शकत. सेटमधली लाल पानांची रोपं आणि झिपऱ्या पानांची कॅबोम्बा मऊ पाण्यातली. ती आपल्याकडे विकणं म्हणजे चिबड रानात द्राक्षं लावणं.

नगरच्या पाण्यासाठी माझी पहिली पसंती व्हॅलिसनेरिया. लांब, हिरव्या रिबिनीसारखी पानं. ती बायकार्बोनेट वापरते, आपल्याकडच्या नद्यांतही उगवते, मलावी आणि टांगानिकातही आहे. मुळं धरेपर्यंत महिनाभर बुडाशी चपटे दगड रचून ठेवा, नंतर ती तुम्हाला ऐकत नाही. दुसरी जावा फर्न आणि तिसरी अनुबियस. या दोघींची खोडं खडीत पुरायची नाहीत, पुरलीत तर कुजतात. काळ्या दोऱ्याने बसाल्टच्या दगडाला बांधा. बसाल्ट तर आपल्याकडे पायाखाली आहे, विकत घेऊ नका, ब्रशने घासून उकळत्या पाण्याने धुवून घ्या. दोघी हळू वाढतात, कमी उजेडात जगतात आणि त्यांची चिवट पानं बहुतेक मासे सोडून देतात. हायड्रिला कालव्यात फुकट मिळते आणि बायकार्बोनेटवर झपाट्याने वाढते, पण तिच्याबरोबर गोगलगायी, जळवा आणि शेतातल्या फवारणीचा अंश येऊ शकतो. मी आणत नाही.

मग मासे कोणते? तक्त्यावर एवढी टीका केल्यावर मला यातून सुटका नाही.

मोठी, तीन फुटी टाकी असेल, म्हणजे ३६ बाय १५ बाय १५ इंच, सुमारे १३० लिटर, तर मी एक असा मासा सुचवेन जो तक्त्यात बहुतेक वेळा नसतोच. भारताचे स्वतःचे सिक्लिड फक्त तीन आहेत. कोकण-गोव्याचा कालुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात आणि ज्याला ब्लॉख यांनी १७९० मध्ये सुरतेवरून नाव दिलं. कर्नाटकातला कॅनरा, जो संकटग्रस्त आहे आणि म्हणून विकत घेऊच नये. आणि केशरी क्रोमाइड, बोटभर लांब, हळदकुंकवाच्या मधल्या रंगाचा. खाडीच्या मचूळ पाण्यात वाढणाऱ्या या माशाला आपलं क्षारयुक्त पाणी परकं वाटत नाही. पाच-सहा एकत्र ठेवा. जोडी जमली की ती पिल्लं सांभाळते आणि पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खातात, हे समोर बसून बघता येतं. रोपांना तो फारसा त्रास देत नाही. यांचे जवळचे नातेवाईक मादागास्करला आहेत, आणि ते भारत तुटून निघाला तेव्हा वेगळे झाले की नंतर समुद्र ओलांडून, यावर अजून वाद चालू आहेत. त्यावर कधीतरी वेगळा लेख.

सोबतीचा प्रश्न आला तर एक खरी, निसर्गातली जोडी आहे. वायमन आणि वॉर्ड यांनी १९७२ मध्ये नोंदवलं की केशरी क्रोमाइडची लहान पोरं कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून साफ करतात. किती छान हिरवा टिक! पण कालुंदर वीतभराहून मोठा होतो आणि रोपं चवीने खातो, तेव्हा १३० लिटरमध्ये तोही नको. तक्ता दाखवतो तसं 'जमणं' आणि टाकीत मावणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

दोन फुटी टाकीच असेल तर टांगानिकाचा मल्टिफॅशिएटस. जेमतेम दीड इंचाचा, रिकाम्या शंखात राहणारा. नगरला सहजी मिळत नाही, पुण्या-मुंबईच्या एखाद्या जाणत्या विक्रेत्याकडे मागवावा लागतो. त्याच्या तळ्यातले शंख ज्या गोगलगायीचे असतात, तिच्याच कुळातली बेलामाया आपल्या नद्या-तळ्यांच्या काठी पडलेली असते. झूलॉजीवाल्यांनी प्रॅक्टिकलला पाहिली असेल. मोठाले रिकामे शंख उकळून घ्या, वाळू पसरा, कडेला व्हॅलिसनेरिया. या टाकीत दुसरी जात घालू नका, आणि 'सकर' तर अजिबात नको.

सकरवरून शेवटचं. मी गेले त्या दिवशी उरलेले तीन मासे म्हणजे एक ऑस्कर, एक पॅरट आणि तो सकर. भावाने ठरवलं होतं की संध्याकाळी ते कालव्यात सोडायचे, निदान जगतील. त्याच्या मनात दया होती, दुसरं काही नव्हतं. पण आपल्या नद्यांमध्ये परदेशी मासे असेच येतात. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तो फार खडबडीत, काटेरी, जाळं फाडतो आणि विकला जात नाही. चिलापी निदान बाजारात खपते.

आम्ही कालव्यावर गेलो नाही. ऑस्कर आणि सकर पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या सहा फुटी टाकीत आहेत, प्लास्टिकच्या डब्यात एअर पंप लावून एसटीने नेले. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही. पॅरट वाटेतच गेला.

टाकी अजून मामाकडेच आहे. निळी खडी काढली, वाळू घातली, बसाल्टला जावा फर्न बांधली. पाव टाकी पाणी बदललं आणि पुन्हा थोडा अमोनिया घालून मोजायला सुरुवात केली. मासा एकही नाही. भाऊ दर रविवारी अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी करतो आणि रंगाचा फोटो मला पाठवतो. काल पाचवा रविवार होता. अमोनिया शून्य आला, नायट्राइट अजून जांभळा आहे.